उस्तादांची हजेरी

स्मरणिकेतला लेख वाचून भांडायला उठू नये, असा सभ्य समाजाचा संकेत आहे. जाहिराती मिळवताना कार्यकर्त्यांची दमछाक झालेली असते, कुणाच्या तरी भाचीने मुखपृष्ठ काढलेले असते आणि लिहिणाऱ्यानेही आठवून आठवून पाने भरलेली असतात. हा संकेत मी आजवर पाळला. या वर्षी पाळणार नाही.

सौदीहून परतलेल्या मराठी कुटुंबांचे पुण्यात एक मंडळ आहे. त्याच्या यंदाच्या स्मरणिकेत एका महाशयांनी दम्माममधल्या दिवसांवर लेख लिहिला आहे. हे महाशय त्या काळी माझ्या हाताखाली डेव्हलपर होते. आता ते मोठ्या हुद्द्यावर आहेत आणि हुद्द्याबरोबर स्मरणशक्तीही वाढते असा त्यांचा समज दिसतो. लेखात आमच्या कचेरीतल्या 'एका विक्षिप्त टेस्टर'ची हकीकत आहे आणि तिचा शेवट असा आहे : 'त्या तमाशानंतर मुदीरने उस्तादांना खलास केले.' मुदीर म्हणजे आमच्या कंपनीचे सौदी व्यवस्थापक. खलास म्हणजे काय, हे पुढे येईलच. साऱ्या हकिकतीचा जीव त्या एका शब्दात आहे.

उस्ताद आता हयात नाहीत. त्यांची मुलगी रत्नागिरीला शिक्षिका आहे. तिने स्मरणिकेच्या त्या पानाचे छायाचित्र मला पाठवले आणि खाली एवढेच लिहिले : 'काका, अब्बांना काढून टाकलं होतं का? आम्हाला तर वेगळं ठाऊक होतं.' मी तिला फोनवर उत्तर देऊ शकलो असतो. पण छापलेल्या गोष्टीचे उत्तर छापूनच दिले पाहिजे, अशा मताचा मी माणूस आहे. तेव्हा, मुली, हे तुझ्यासाठी आहे. इतरांनी वाचले तरी हरकत नाही.

महाशयांनी उस्तादांचे आडनाव छापले आहे आणि तेही चुकीचे. त्या आडनावाचे पहिले अक्षर 'प'. अरबी लिपीत 'प' नाही, म्हणून सौदी कागदांवर त्याचा 'ब' झाला होता. वर्षानुवर्षे शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या मराठी माणसाने मराठी स्मरणिकेत तोच 'ब' छापावा, याला मी काय म्हणू? मी त्यांचे नाव येथे लिहीत नाही. जे नाव त्यांनी जन्मभर जपले, ते त्या छपाईच्या उत्तरादाखल वादात ओढावे, असे मला वाटत नाही. सगळे त्यांना उस्ताद म्हणत, तेच पुरे. त्यातही गंमत होती. अरब सहकारी म्हणत ते 'उस्ताज', म्हणजे गुरुजी. आमची मराठी-हिंदी मंडळी म्हणत ते 'उस्ताद', म्हणजे बेरकी असामी. एकाच हाकेत निम्मी कचेरी त्यांचा आदर करी आणि निम्मी त्यांची थट्टा. ते दोघांनाही सारख्याच गांभीर्याने 'ओ' देत.

ते मूळचे रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या गावातले. हायस्कुलात भूमिती शिकवता शिकवता संगणकाकडे वळले आणि त्यांच्या पिढीतले बरेच जण जातात तसे आखातात आले. अंगाने सडपातळ, दाढी बारीक कातरलेली, शर्टाचे शेवटचे बटण कायम लावलेले. आपण कचेरीतले सर्वांत हुशार गृहस्थ आहोत, याबद्दल त्यांच्या मनात संशय नव्हता आणि तो इतरांच्या मनात राहू नये याची ते काळजी घेत. आमची कंपनी रुग्णालयांसाठी वेबवर चालणाऱ्या प्रणाली बनवी आणि त्या तपासण्याचे काम उस्तादांकडे होते.

हे काम काय असते, ते सांगितल्याशिवाय माणूस कळणार नाही. आपण पडद्यावर जे पान बघतो, त्यात बटणे असतात, लिहायच्या चौकटी असतात, याद्या असतात. यांना आमच्या धंद्यात कंपोनंट म्हणतात. पान बरोबर चालते की नाही, हे पाहण्यासाठी आम्ही दुसरा प्रोग्रॅम लिहितो; तो माणसासारखी ती बटणे दाबून बघतो. पण दाबण्याआधी त्याला बटण सापडले पाहिजे, आणि अडचण तेथेच असते. 'उजवीकडचे बटण' म्हणावे, तर अरबी पानात सगळे उलटे होते. उजवीकडचे डावीकडे जाते. बटणाला आपण नाव दिले नाही, तर यंत्र स्वतःच त्याला एक क्रमांक चिकटवते. पण मध्ये एखादे नवे बटण आले की पुढच्या सगळ्यांचे क्रमांक सरकतात आणि काल ज्याला सात म्हणत होतो, तो आज भलताच कुणी असतो. म्हणून उस्तादांचा कायदा असा, की पडद्यावर उमटणाऱ्या प्रत्येक जिवाला त्याच्या कर्त्याने स्वतः नाव दिले पाहिजे. बिननावाचे बटण दिसले की ते खुर्ची मागे सारत आणि साऱ्या दालनाला ऐकू जाईल असे विचारीत, "याचं बारसं झालंय का? की हा बेवारस?"

महाशयांनी लिहिले आहे, की ते 'नामकरण' म्हणत. कधीही नाही. त्यांचा शब्द 'बारसं' होता.

कुणी "उजवीकडचं" म्हटले, की ते दोन्ही कानांवर हात ठेवीत. "उजवीकडचं कुणाच्या? तुमच्या, की त्याच्या?" हा प्रश्न त्यांनी मला, आमच्या ड्रायव्हरला आणि एकदा प्रत्यक्ष मुदीरनाही विचारला होता.

त्यांच्या या वेडामागचे शहाणपण मला कचेरीत नव्हे, कतीफच्या मासळीबाजारात कळले. तेव्हा सुटी गुरुवार-शुक्रवारची असे. गुरुवारी सकाळी उस्ताद आपली जुनी गाडी काढून कतीफला जात आणि आम्हा उभयतांनाही नेत. मी साताऱ्याचा, मला मासा म्हणजे मासा. आमच्या सौभाग्यवती मात्र अलिबागच्या. त्या दिवशी हिला एक मासा पसंत पडला आणि तिने विक्रेत्या म्हाताऱ्याला बोटाने खूण केली, डावीकडून दुसरा.

"वहिनी, नाव घ्या त्याचं," उस्ताद म्हणाले.

"इथलं नाव मला काय ठाऊक? मला तर पापलेटच दिसतोय."

"मग पापलेट म्हणा. तो जुबैदी म्हणेल. कुठल्याही नावाने हाक मारा, पण बोट नको."

"भावजी, मासा घ्यायचाय मला, त्याच्याशी सोयरीक नाही जुळवायची!"

म्हाताऱ्याने हसून मान हलवली, ढिगावर बर्फाचा ओंजळभर चुरा टाकला, मासे वरखाली केले आणि डावीकडून दुसरा होता तो कागदात गुंडाळून दिला. घरी येऊन हिने कागद उघडला, तर आत काट्यांचा भारा असलेला कुठलासा परका मासा निघाला. शनिवारी मी कचेरीत ही हकीकत सांगितली, तेव्हा उस्तादांना झालेला आनंद पाहण्यासारखा होता. "म्हातारा खोटा नाही हो," ते म्हणाले, "त्याने तुम्ही सांगितलेलंच दिलं. डावीकडून दुसरा!"

स्वतःच्या नावाबद्दलही त्यांचा न्याय तोच होता. इकाम्याच्या, म्हणजे तिथे राहण्याच्या परवान्याच्या, नूतनीकरणासाठी एकदा आम्ही दोघे जवाजातच्या, म्हणजे पारपत्राच्या, कचेरीत बसलो होतो. खिडकीतल्या शिपायाने 'ब'वाले नाव पुकारले. उस्ताद बसून राहिले. पुन्हा पुकारले. उस्ताद समोरच्या भिंतीवरचे चित्र बघत राहिले. आमची कागदपत्रे घेऊन आलेला कंपनीचा माणूस घामाघूम होऊन म्हणाला, "भाई, आप को बुला रहा है!" उस्ताद शांतपणे म्हणाले, "मुझे नहीं. जिसको बुला रहा है, वो आया नहीं होगा."

या प्रसंगाबद्दल लेखात असे आहे, की त्या हट्टापायी सर्वांचा दिवस वाया गेला. लेखक तेथे नव्हते. मी होतो. दुपारच्या नमाजासाठी खिडकी बंद झाली, ती उघडल्यावर तो शिपाईच बाहेर आला. वयाने लहान, स्वभावाने मोकळा. त्याने विचारले, तुमचे नाव तुम्ही कसे उच्चारता? उस्तादांनी ओठ मिटून, मेणबत्ती विझवावी तशी फुंकर मारून दाखवली. त्यानेही मारली. पहिल्यांदा 'ब' आला, मग 'ब' आणि 'फ' यांच्यामधले काहीतरी, आणि शेवटी एक डळमळीत पण प्रामाणिक 'प'. बाकांवर बसलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. उस्ताद तत्काळ उभे राहिले आणि मराठीत म्हणाले, "आलो." ज्यांचा दिवस वाया गेला असे म्हणतात, त्यांपैकी एक मी. माझा दिवस त्याहून चांगला कधी गेला नाही.

आता हजेरी. प्रणाली रुग्णालयाच्या ताब्यात देण्यापूर्वी उस्ताद पानाची हजेरी घेत. एका पडद्यावर इंग्रजी पान, दुसऱ्यावर अरबी. दोन्हींसमोर एकेक माणूस. उस्ताद पाठ करून आलेली नावे शाळेतल्या आवाजात पुकारीत. दोघांनी आपापल्या पडद्यावर ते बटण शोधून त्यावर बोट ठेवायचे आणि त्यावर लिहिलेले वाचायचे. 'टेबलावर चढून हजेरी घेत,' असे लेखात आहे. उस्तादांचे गुडघे दुखत. ते टेबलावर चढणे तर सोडाच, जिना चढतानाही जिन्याला दोष देत. ते बसूनच हजेरी घेत, डोळे मिटून.

आणि आता तो 'तमाशा'.

रुग्णालयाच्या पानात रुग्णाला प्रणालीतून मोकळे करणारी दोन बटणे शेजारीशेजारी होती. एक, रुग्ण बरा होऊन घरी गेला. दुसरे, रुग्ण दगावला. दोन्हींनी त्याची फाईल बंद होई आणि खाट रिकामी होई. बाहेरून पाहणाऱ्याला फरक दिसत नसे. ही बटणे लिहिली होती आमच्या स्मरणिकाकार महाशयांनी. उस्तादांच्या बारशाच्या आग्रहाला ते इतके कंटाळले होते, की चिडून त्यांनी सगळी नावे रोमन लिपीत पण मराठीत ठेवली. फाईल उघडणाऱ्या बटणाचे नाव 'उघड', पुसून टाकणाऱ्याचे 'फेक', आणि या दोघांची नावे 'घरी' आणि 'खलास'. ही नावे फक्त आतल्या कामासाठी असतात, पडद्यावर दिसत नाहीत. म्हणून मीही हसून सोडून दिले. उस्तादांनी तर पाठ थोपटली. "नाव आत्याने ठेवलेलं असो की मावशीने," ते म्हणाले, "हाक मारल्यावर ओ दिली, म्हणजे झालं." लेखात या बारशाचा उल्लेख नाही. का नाही, ते सुज्ञांना कळेल.

अरबी पानावरची अक्षरे आणि त्या पानाची तपासणी आमच्या एका सुदानी सहकाऱ्याकडे होती. अत्यंत सालस माणूस. कामाची घाई होती, इंग्रजी पान अजून पुरे झाले नव्हते, म्हणून त्याने आतली नावे वाचून त्यांवरून अरबी शब्द बसवले. बहुतेक नावांचा अर्थ त्याने कुणाकुणाला विचारला. 'खलास'चा मात्र विचारला नाही, का विचारावा? तो तर त्याच्या मायबोलीतला शब्द. अरबीत खलास म्हणजे झाले, संपले, काम पुरे झाले. जेवण झाले की खलास, हिशेब मिटला की खलास. आमच्याकडे त्याच शब्दाने माणूस मारला जातो, हे त्याला कुठून ठाऊक? त्याने त्या बटणावर लिहिले, 'उपचार पूर्ण'. आणि 'घरी' हे त्याला अरबीतल्या 'गैर'सारखे वाटले, म्हणून त्यावर लिहिले, 'अन्य'. मग त्याच समजुतीने त्याने तपासणीचा प्रोग्रॅम लिहिला, त्या प्रोग्रॅमने 'खलास' दाबले, फाईल बंद झाली, खाट रिकामी झाली आणि पडद्यावर सर्वत्र हिरव्या खुणा उमटल्या.

प्रणाली सुपूर्द करण्याच्या दिवशी सकाळी रुग्णालयाची माणसे आली. त्यांच्यात केरळच्या एक मेट्रन होत्या, वयस्क आणि करड्या. मुदीर नवा बिश्त, म्हणजे समारंभाचा झगा, पांघरून आले होते. खजूर आले, कहवा आला. उस्तादांनी सही केली की संपणार होते. उस्ताद म्हणाले, "हजेरी झाल्याशिवाय सही नाही."

"आज? पाहुण्यांसमोर?" मी विचारले.

"पाहुणे आजारी पडतील तेव्हा माझ्यासमोर पडणार नाहीत," ते म्हणाले आणि डोळे मिटून बसले.

इंग्रजी पडद्यावर महाशय, अरबी पडद्यावर सुदानी सहकारी. नावे पुकारली जाऊ लागली. उघड, शोध, लिही. दोन्ही बाजूंनी ओ येत होती, खजुराच्या बिया बशीत पडत होत्या. 'घरी' आले तेव्हा महाशय म्हणाले, "डिस्चार्ज," आणि सुदानी म्हणाला, "अन्य". उस्तादांच्या कपाळावर आठी पडली, पण डोळे मिटलेलेच राहिले. मग त्यांनी पुकारले, "खलास!"

दोघांची बोटे दोन पडद्यांवर एकाच बटणावर गेली.

"डेथ," महाशयांनी वाचले.

"उपचार पूर्ण," सुदानी सहकाऱ्याने अरबीत वाचले.

उस्तादांनी डोळे उघडले. त्या खोलीत दोन्ही भाषा कळून दोन्ही पडद्यांकडे कान देणारे तेवढेच होते. त्यांनी दोघांनाही पुन्हा वाचायला सांगितले. मग मेट्रनबाईंकडे वळून हिंदीत विचारले, "सिस्टर, तुमच्याकडे अरबी पान कोण वापरणार?"

"बाहेरच्या काउंटरवरच्या सगळ्या मुली. का?"

"त्या बऱ्या झालेल्या माणसाला घरी पाठवताना कुठलं बटण दाबतील?" त्यांनी अरबी पान बाईंसमोर सरकवले आणि अक्षरांचा अर्थ सांगितला. बाईंनी गळ्यातल्या क्रूसाला हात लावला. "आणि मग?" त्यांनी विचारले. पण उत्तर त्यांना ठाऊक होते. मृत्यूची नोंद झाली, की पुढे शवागार, कफील म्हणजे परवाना ज्याच्या हाती तो मालक, वकिलात, गावाकडच्या घरी फोन. सगळे आपोआप.

मुदीरना यातले काही उमगले नव्हते. त्यांना एवढेच दिसत होते, की पाहुणे थांबलेले आहेत आणि सही होत नाही. ते चुटकी वाजवून घाई करीत म्हणाले, "यल्ला, उस्ताज. खलास!"

आणि उस्ताद हात जोडून म्हणाले, "साहेब, कुणाचं खलास? याचं, की त्याचं?"

महाशय याला तमाशा म्हणतात. तमाशा म्हणावा असे जर काही तेथे असेल, तर ते बारसे.

त्यानंतर मुदीरनी उस्तादांना आणि मला आपल्या खोलीत नेले आणि दार लावले. आत काय झाले हे महाशयांनी सविस्तर लिहिले आहे. ते दाराबाहेर होते. त्यांच्या कानांचे मला कौतुक वाटते. मुदीर रागावले होते, हे खरे. पाहुण्यांसमोर त्यांची मान खाली गेली होती. "तुझा इकामा माझ्याकडे आहे," ते म्हणाले. "मनात आणलं तर मी आज तुला खुरूजवर पाठवीन." खुरूज म्हणजे देश सोडून कायमचे जाणे. घरी आई होती, शिकणारी मुलगी होती, आणि उस्तादांचे घर त्या एका पगारावर उभे होते. मी मध्ये बोलणार, तोच उस्ताद म्हणाले, "पाठवा साहेब. पण ज्या बटणाने पाठवाल, त्यावर काय लिहिलंय ते आधी वाचून घ्या."

मुदीर खुर्चीत बसले. मग त्यांनी विचारले, तुमच्या हिंदमध्ये खलासचा अर्थ तरी काय? उस्तादांनी गळ्यावरून बोट फिरवून दाखवले. मुदीर आधी हसले, मग त्यांना हसल्याची लाज वाटली आणि ते देवाची क्षमा मागत पुटपुटले, "अस्तगफिरुल्लाह." त्या रुग्णालयात त्यांचे स्वतःचे वडील दर पंधरवड्याला जात असत, हे मला नंतर कळले.

आणि उस्तादांनी तेव्हा जे म्हटले, ते लेखात नाही, कारण ते ऐकायला दाराबाहेरचे कान पुरे पडत नाहीत. ते म्हणाले, "साहेब, त्या दोघांना काही बोलू नका. चूक माझी आहे. मी सगळ्यांना नाव विचारलं, अर्थ विचारला नाही."

अशा चढेल माणसाने असे म्हटलेले मी त्या एकदाच ऐकले. सुपूर्दगी लांबणीवर पडली. 'खलास'चे नाव बदलले. 'घरी'चेही बदलावे, असे मी सुचवले, तेव्हा उस्तादांनी साफ नकार दिला. "त्या नावात काय खोट आहे?" ते म्हणाले. "त्याचा अर्थ शिकवा त्याला." आणि त्यांनी स्वतः त्या सुदानी मित्राला तो शब्द शिकवला. त्याच्या तोंडी 'घ' घशातून येई, पण अर्थ पक्का बसला. तो रोज संध्याकाळी पिशवी उचलताना दाराशी थांबून म्हणे, "उस्ताज, घरी?" आणि उस्ताद म्हणत, "घरी!"

यानंतर उस्ताद पुष्कळ दिवस तेथेच होते, त्याच खुर्चीवर, त्याच गुडघ्यांनिशी. मग एका उन्हाळ्यात ते सुटीवर गावी आईकडे जाऊन आले आणि आले ते गप्पगप्प. त्यांनी स्वतःहून मुदीरकडे खुरूज मागितले. मुदीरनी त्यांना बसवून घेतले, पगाराचे बघू म्हणाले, घरच्यांना इकडे आणा म्हणाले. उस्तादांनी मान हलवली. मला त्यांनी कारण सांगितले नाही, आणि मी विचारले नाही. आमच्यात तशी रीत नव्हती. निघायच्या दिवशी सगळे दाराशी जमले. मुदीरनी त्यांना छातीशी धरले आणि म्हणाले, "तर मग, उस्ताज, खलास?"

"खलास नाही, साहेब," उस्ताद म्हणाले, आणि सुदानी मित्राकडे पाहिले.

"घरी," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

हे महाशयांसमोर घडले. तेही दाराशी होते. फाईल बंद झाली आणि खुर्ची रिकामी झाली, एवढे त्यांना दिसले. त्यावरून त्यांनी पुन्हा तेच बटण दाबले आहे.

मुली, तुझ्या प्रश्नाचे उत्तर येथे संपायला हवे. पण एक गोष्ट राहिली. मी भारतात सुटीवर आलो असताना, एकदा वाट वाकडी करून तुमच्या गावी गेलो होतो. तू तेव्हा कॉलेजसाठी रत्नागिरीत होतीस. आम्ही पडवीत बसलो होतो. समोर खाडीचे पाणी उतरत होते. उस्ताद मला त्यांच्या गुडघ्यांची आणि नव्या वैद्याची निंदा ऐकवत होते, तोच आतून तुझ्या आजीचा आवाज आला.

"इस्माईल! इस्माईल रे! बाहेर कोन आलाय?"

इस्माईल हे तुझ्या वडिलांचे नाव नव्हे, हे तुला ठाऊकच आहे. ते त्यांच्या थोरल्या भावाचे, लहानपणी गेलेल्या. मी उस्तादांकडे पाहिले. जवाजातच्या बाकावर एका अक्षरासाठी नमाजाच्या वेळेपर्यंत बसून राहिलेला हा माणूस आता काय करतो, हे मला पाहायचे होते.

पण मी मान वळवली, तोवर ते गुडघ्यांवर हात टेकून उठलेही होते. "आलो, आई," म्हणत ते आत निघाले होते.